व्याह्यांच्या स्वयंपाकघरातली समुद्रगाय

४ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. पत्र पोचेपर्यंत वाकलेलीच आहे असं समजा.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "कशी आहेस" विचारता आणि मी उत्तर द्यायच्या आत "घे, मामीशी बोल" म्हणून मोकळे होता. कामाचं बोलायचं असलं की ही पद्धत काही उपयोगाची नाही.

तर काम असं. मी ऑफिसात ज्या नकाशावर इतकी वर्षं डोळे फोडतेय, तो एकदाचा तयार झाला. त्यात पहिल्यांदा ज्या थोड्या खाड्या घेतल्यात, त्यांत तुमची खाडी आहे. साहेबांशी भांडून मीच ती घ्यायला लावली. म्हटलं, तिथल्या बोटवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष माझे सख्खे मामा आहेत, सगळं व्यवस्थित होईल.

नकाशा समुद्रगायींसाठी आहे. हा मासा नाही, मामा, हे आधी मनावर घ्या. आपल्यासारखीच ती पिल्लाला दूध पाजते आणि श्वास घ्यायला वर येते. उथळ पाण्यात तळाशी जे गवत उगवतं ते खाते. खात असताना डोक्यावरून बोट जोरात आली तर तिला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, आणि इंजिनाच्या पंख्याने पाठ फाटते. बोट हळू असेल तर ती आरामात सरकते. एवढंच सगळं आहे. बोट हळू हवी.

म्हणून प्रत्येक बोटवाल्याच्या फोनमध्ये नकाशा येईल. गाय दिसली की त्या जागेवर बोटाने दाबायचं. तिथे ठिपका उमटतो, आणि तो चौकोन आठवडाभर पिवळा होतो. पिवळ्या चौकोनात सगळ्यांनी हळू जायचं. प्रत्येक बोटीत बसवायला एक डबी पाठवतेय, म्हणजे कोण किती वेगाने गेलं ते इथे आम्हाला दिसेल. तुम्ही संघटनेत एक वर्ग घ्या आणि हे सगळ्यांना समजावून सांगा. भिंतीला लावायला चित्रंही पाठवलीत.

आणखी एक, आणि हे कुणाला सांगू नका. उन्हाळ्यात समिती बसणार आहे. नकाशा चालला असं त्यांना वाटलं तर तो कायम होईल आणि मीही. नाही वाटलं तर दोघांनाही नारळ. सगळी भिस्त तुमच्यावर आहे.

तुमची,
भिंगरी

•

१६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आधी आशीर्वाद घे, मग बाकीचं. तुझं पत्र मी चष्मा लावून वाचलं आणि नंतर तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. फोनवाला भाग आला तेव्हा ती म्हणाली, पोरगी तुम्हाला बरोबर ओळखून आहे. या घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणी उरलेलं नाही.

वर्ग घेतला. संघटनेच्या खोलीत जेवढ्या खुर्च्या तेवढी माणसं आली, म्हणजे यशस्वीच म्हणायचा. तुझी चित्रं भिंतीला लावली. त्यातलं एक उलटं लागलं, ते वर्ग संपल्यावर लक्षात आलं, पण तोवर कुणी तक्रार केली नव्हती. मी उभा राहून बोललो, खडू हातात घेऊन बोललो. कुणीतरी विचारलं, ती दूध देते म्हणता, तर किती देते. तुझ्या कागदात याचं उत्तर नव्हतं, म्हणून मी अंदाजाने सांगितलं. अंदाज जरा सढळ झाला असावा, कारण मागच्या रांगेत लगेच धंद्याची बोलणी सुरू झाली.

पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून आमचे व्याही बसले होते. त्यांचं नि माझं तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याने बरं वाटतं. खाडीच्या त्या काठाला त्यांचा धक्का, या काठाला माझा, आणि पलीकडे न्यायची माणसं तीच. पूर्वी आम्ही मोकळेपणाने शर्यत लावायचो आणि मोकळेपणाने एकमेकांचा उद्धार करायचो. मग तुझ्या ताईला अख्ख्या जगात त्यांच्याच मुलाशी लग्न करावंसं वाटलं. ती तिकडे सून म्हणून गेली आणि माझी जीभ बांधली गेली. आता भर पाण्यात समोरासमोर आलो की ते म्हणतात "आपण कसे आहात", मी म्हणतो "आपली कृपा". वर त्यांनी दोन इंजिनांची नवी बोट घेतली आहे. ती बाजूने सुसाट जाते, माझी माणसं नखशिखान्त भिजतात, आणि ते हसून हात हलवतात. मलाही हसून हात हलवावा लागतो. मुलगी दिली आहे.

तर वर्गात त्यांनी विचारलं, पिवळ्या चौकोनात दोन इंजिनांच्या बोटीनेसुद्धा हळू जायचं का. मी म्हणालो, सगळ्यांनीच, व्याही. म्हणजे अगदी धक्क्यापासून? मी म्हणालो, गाय धक्क्यापाशी दिसली तर धक्क्यापासून. त्यांचा चेहरा जरा उतरला. भिंगरी, त्या क्षणी तुझा नकाशा मला मनापासून आवडला. यावर तू एवढी वर्षं घालवलीस ती वाया गेलेली नाहीत. तू निर्धास्त राहा. खाडी मी सांभाळतो.

तुझा,
मामा

ता. क. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून चार ओळी लिहिते. तुझे मामा सकाळपासून मला विचारतायत की फोनवर व्याह्यांचा धक्का मोठा करून कसा बघायचा. तुझ्या कामाचा भाग असेल तर ठीक आहे. — मामी

•

१२ मार्च

मामा,

तुमच्या पायांचा फोटो पाठवा, इथे टेबलावर लावते.

तुमची खाडी पहिली आली. सगळ्या खाड्यांत सर्वांत जास्त ठिपके तुमचे. मी अजून एकेक ठिपका उघडून पाहिलेला नाही, पण एकूण आकडा पाहूनच साहेब खुर्चीवरून उठले. आजवर त्यांना फक्त जेवायच्या सुट्टीसाठी उठताना पाहिलंय. त्यांनी तुमच्या खाडीचा नकाशा मोठा छापून दारासमोर लावलाय. येणारा जाणारा विचारतो, हे कुणाचं काम. मी म्हणते, मामांचं.

फक्त आमच्या प्राण्यांच्या मॅडम जरा गोंधळल्यात. समुद्रगाय गवत असतं तिथे जाते, आणि ताईच्या सासऱ्यांच्या धक्क्यासमोर तर नुसता खडक आहे. तरी बहुतेक ठिपके नेमके तिथे. मॅडम म्हणतात, या गायी काहीतरी वेगळंच खायला शिकल्या असाव्यात. त्या यावर लेख लिहायला बसल्यात. तुम्ही जवळून पाहिलं असेल, तर नक्की काय खातात ते कळवाल का?

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. समितीला हे कळलं आणि ते म्हणाले, आम्ही ऑफिसात बसून ठरवणार नाही, खाडीवरच येतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतील. तुमच्या बोटीत बसतील. एवढ्या गायी आहेत तर निदान एक तरी दाखवा म्हणतात.

मामा, खरंच थँक्यू. इथे पहिल्यांदाच लोक माझं ऐकून घेतायत.

भिंगरी

•

२२ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. समितीबद्दल वाचून आनंद झाला, पण एक जाणता माणूस म्हणून सांगतो, त्यांना एवढा त्रास कशाला? उन्हाचे दिवस आहेत. शिवाय समुद्रगाय फार लाजाळू असते. तिला समिती आवडेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा मी एक सविस्तर अहवाल लिहून पाठवतो, तो त्यांनी पंख्याखाली बसून वाचावा.

काय खातात, तर ते पाणी गढूळ असल्याने नीट दिसलं नाही. मॅडमना म्हणावं, लेखाची घाई नको.

दुसरं, जरा गंभीर आहे. गेल्या काही दिवसांपासून माझ्या धक्क्यासमोरही ठिपके उमटायला लागलेत. मी दिवसभर तिथेच असतो, मला एकही गाय दिसलेली नाही. मी कुणावर आरोप करत नाही, पण कुणीतरी खोट्या नोंदी करतंय हे उघड आहे, आणि मला याचं फार वाईट वाटलं. सरकारी कामात असा खोडसाळपणा? सध्या त्यांचा काठ पिवळा, माझा काठ पिवळा आणि मधलं पाणीही पिवळं. परवा एक बाई या काठाला बोटीत बसली आणि स्वेटरची बाही विणायला घेतली. त्या काठाला उतरेपर्यंत बाही झाली. आता अर्धी माणसं पुलावरून बसने जातात. व्याही भेटले की म्हणतात, "गायी फार झाल्या, नाही?" मी म्हणतो, "आपल्याकडे जास्त."

समितीचं तेवढं बघ.

मामा

ता. क. भिंगरी, मी या खाडीच्या काठी लग्न होऊन आले तेव्हापासून राहते. या पाण्यात मी समुद्रगाय पाहिलेली नाही. तुझ्या मामांनीही नाही. ते गायी व्याह्यांसमोर ठेवतात, व्याही त्या यांच्यासमोर ठेवतात. तुझ्या ताईने दोघांशी बोलणं टाकलंय. मला वाटलं तुला आधीच कळलं असेल, तू एवढी शिकलेली. समिती यायच्या आत तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. जेवत जा वेळेवर. — मामी

•

३० मार्च

मामा,

या पत्राला नमस्कार नाही.

मामीचा ताजा कलम वाचून मी दार लावून बसले आणि तुमच्या खाडीचा एकेक ठिपका उघडला. हे मी महिन्याभरापूर्वीच करायला हवं होतं, पण मला आकड्यानेच इतका आनंद झाला होता. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, ठिपका उमटतो तेव्हा तो करणारा फोन कुठे होता तेही इथे दिसतं. तुमच्या पहिल्या गायीच्या वेळी तुमची बोट तुमच्याच धक्क्याला बांधलेली होती आणि फोन, मामा, न्हाणीघरात होता. दुसरीच्या वेळी फोन केस कापायच्या दुकानात होता. आणि एक गाय तर तुम्ही बहुधा चष्म्याशिवाय दाबली असावी. ती पाण्यातून निघाली, धक्का चढली, रस्ता ओलांडला आणि व्याह्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिथे आठवडाभर पिवळा चौकोन होता. ताईने चहा हळू केला का ते मी विचारलेलं नाही.

व्याह्यांचे ठिपकेही पाहिले. ते निदान पाण्यात आहेत.

मी सगळं साहेबांना सांगितलं. दारासमोरचा नकाशा त्यांनी स्वतः उतरवला आणि गुंडाळी करून कपाटावर टाकली. मॅडमनी लेख फाडला. सगळे ठिपके मी पुसले. आता तुमची खाडी कोरी आहे, एकही चौकोन पिवळा नाही, सगळ्यांनी हवं तेवढं सुसाट जावं. तुमचे आणि व्याह्यांचे फोन मी बंद केलेत. तुम्ही दाबलंत तरी ठिपका उमटणार नाही. समिती ठरल्या दिवशी येणारच आहे, पण आता नकाशा बंद करायच्या कागदावर सही करायला. मला त्यांच्याबरोबर येऊ नको सांगितलंय.

तुम्हाला गंमत वाटली असेल. माझी इथली एवढी वर्षं त्या गमतीत गेली. मला राग आहे, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मी सगळ्यांना सांगत होते, मामांचं काम आहे.

भिंगरी

•

९ एप्रिल

सौजन्यशील कन्येस,

आपल्या मामांचा व्याही या नात्याने, तसेच खाडीवरील एक जबाबदार बोटमालक म्हणून, हे पत्र लिहिण्याची परवानगी घेतो. झालेला प्रकार अत्यंत खेदजनक आहे. आपल्या मामांच्या वतीने मी आपली मनःपूर्वक क्षमा मागतो. ते स्वतः मागतील असे वाटत नाही. रोज पत्र लिहायला बसतात आणि कागद चुरगाळून उठतात, असे सूनबाई मुलाला सांगत होत्या.

माझ्याकडूनही काही ठिपके उमटले, हे मी नाकारत नाही. मात्र ते सर्व प्रत्युत्तरादाखल होते. तसेच माझ्या गायी नेहमी पाण्यातच होत्या, ही बाब आपल्या निदर्शनास आली असेलच.

आपल्या नोकरीचा प्रश्न आहे हे आम्हाला सूनबाईंनी काल जेवताना मुलाकडे बघत ऐकवले. त्यानंतर कोणी जेवले नाही. हे आधी कळते तर मी एकही ठिपका उमटवला नसता. आपल्या मामांना हे आधीपासून माहीत होते, असेही सूनबाई म्हणाल्या.

आपला स्नेहाकांक्षी,
ताईचे सासरे

•

२७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद देतो, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. तुझं काम पणाला लागलंय हे मला माहीत होतं, तरी मी ते केलं. मला वाटलं, चार ठिपक्यांनी काय होतंय, उलट पोरीचा आकडा वाढतोय. नंतर थांबवायचं म्हटलं तर तिकडून यायला लागले. माफ कर असं लिहिलं की ते हलकं दिसतं, म्हणून इतके दिवस पत्र झालं नाही.

आता काय झालं ते सांगतो, आणि यात एक अक्षर वाढवलेलं नाही. मामी वाचून मगच पाकीट बंद करणार आहे.

तू चौकोन पुसलेस तसे सगळे पुन्हा सुसाट सुटले. दीड महिना हळू जाऊन सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं. मी मात्र हळूच जात होतो. तुला वाटेल पश्चात्ताप. तो होताच, पण इंजिनही कुरकुरत होतं. गेल्या सोमवारी रिकामी बोट घेऊन परत येत होतो. खाडीच्या मध्ये जिथे पाणी उथळ आहे तिथे काहीतरी वर आलं. मला वाटलं पत्र्याचा पिंप आहे. मग पिंपाने श्वास सोडला.

भिंगरी, मी इंजिन बंद केलं आणि बोटीच्या कडेवरून वाकून पाहिलं. मोठी होती, करड्या रंगाची, आणि तिला चिकटून एक छोटं. छोटं वर यायचं, आईच्या पाठीवर हनुवटी टेकायचं आणि परत खाली जायचं. तुझ्या चित्रात ती कुरूप दिसते. तशी नाही गं ती. तिच्या पाठीवर आडव्या रेघा आहेत, सारख्या अंतरावर, पांढऱ्या पडलेल्या. पंख्याने झालेल्या. किती जुन्या ते मला कळलं नाही, पण पंखा मला कळतो. या खाडीत तेव्हा कोण कोण बोटी हाकत होतं तेही मला माहीत आहे. त्यात मीही आहे.

फोन काढला, दाबला. "आपली नोंद स्वीकारली जात नाही." बरोबरच आहे.

तेवढ्यात समोरून व्याह्यांची बोट, दोन्ही इंजिनं पूर्ण सोडलेली, थेट त्याच रेषेत. मी शर्ट काढून हलवायला लागलो. त्यांना वाटलं माझी बोट बुडतेय, म्हणून मदतीसाठी त्यांनी आणखी वेग वाढवला. मी ओरडलो, "अहो व्याही, आपण जरा हळू." ऐकू गेलं नाही. "आपण" या शब्दाला पाण्यावर जोरच नाही. मग मात्र मी लग्नाआधीच्या भाषेत ओरडलो. काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, मामीने खोडलं असतं. थोडक्यात, त्यांना अरे-तुरे केलं आणि त्यांच्या वाडवडिलांची आठवण काढली. एवढ्या वर्षांनी ते ऐकून त्यांचा हात आपोआप इंजिनावर गेला आणि बोट थांबली. गाय दोघांच्या मध्ये होती.

त्यांनी पाठ पाहिली, रेघा पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. तेही जुने बोटवाले.

त्यांचाही फोन बंद. मग त्यांनी एका बाजूला नांगर टाकला, मी दुसऱ्या बाजूला. वल्ह्याला माझा शर्ट बांधून उभा केला. येणाऱ्या प्रत्येक बोटीला दोघांनी दोन बाजूंनी हात करून लांबून वळवलं. लोक विचारत, काय झालं. आम्ही म्हणायचो, गाय आहे. लोक हसायचे आणि म्हणायचे, पुन्हा का. कुणाचाही विश्वास बसला नाही, पण दोन म्हातारे मध्ये नांगर टाकून बसलेत म्हटल्यावर वळले. दुपारी तुझी मामी डबा घेऊन कुणाच्या तरी बोटीतून आली. तिने आधी आम्हाला बघितलं, मग पाणी बघितलं, आणि स्वतःचा फोन काढून शांतपणे ठिपका दाबला. नकाशा तिच्याही फोनमध्ये होता, आणि तो तू बंद केला नव्हतास.

तेव्हापासून उजेड असेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने तिथे. ती कधी दिसायची, कधी नाही. शुक्रवारी समिती आली. तुझे साहेबही होते, ते माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना बोटीत घेतलं आणि हळूहळू मध्ये नेलं. व्याही तिथे नांगरलेले होते, ते उठून उभे राहिले. बराच वेळ काही नाही. समितीचे प्रमुख घड्याळ बघायला लागले. मग आई वर आली, श्वास घेतला, पिल्लाने तिच्या पाठीवर हनुवटी टेकली, आणि दोघं गेली.

प्रमुखांनी विचारलं, मग आधीच्या एवढ्या नोंदी होत्या त्या पुसल्या का? खऱ्याच असतील. तुझे साहेब माझ्याकडे बघत होते. तेव्हा मी हो म्हटलं असतं तर चाललं असतं, भिंगरी. एक खरी गाय डोळ्यांनी पाहिल्यावर बाकीच्याही खपल्या असत्या.

मी म्हणालो, "त्या सगळ्या खोट्या होत्या. पोरीने पुसल्या ते बरोबर केलं. अर्ध्या माझ्या होत्या."

"राहिलेल्या माझ्या," व्याही त्यांच्या बोटीतून म्हणाले.

प्रमुखांनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मला काय वाटतं ते विचारू नकोस, मला काहीच वाटेनासं झालंय. संघटनेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा मी दिला आणि त्यांनी तो लगेच घेतला, जरा थांबतील असं वाटलं होतं.

मामा

ता. क. यात त्यांनी काही वाढवलेलं नाही. एकच गाळलंय, समिती गेल्यावर दोघंही धक्क्यावर बसून रडले. — मामी

•

१४ मे

मामा,

नमस्कार. मागचा राहिलेलाही यात धरा.

त्या सोमवारी दुपारी मी कोऱ्या नकाशाकडे बघत बसले होते, तेवढ्यात तुमच्या खाडीच्या मध्ये एक ठिपका उमटला. मला वाटलं, तुम्ही मामीचा फोन ढापलात. इतका संताप आला की तोही पुसायला गेले. मग फोन कुठे आहे ते पाहिलं. पाण्यात होता, गायीच्या शेजारी, आणि दोन्ही बाजूंना तुमच्या दोघांच्या बोटींच्या डब्या, हलत नव्हत्या. तुम्ही दोघं एवढ्या जवळ आणि दोघंही थांबलेले, असं मी या नकाशावर कधी पाहिलं नव्हतं. मी ठिपका ठेवला.

काल निकाल आला. खाडी राहिली. नकाशा राहिला. मीही राहिले. प्रमुखांनी टिपणात लिहिलंय की खोटं कबूल करणारा बोटवाला त्यांना नोकरीत पहिल्यांदा भेटला, आणि त्यामुळे खऱ्या ठिपक्यावर त्यांचा विश्वास बसला. साहेबांनी नकाशाची गुंडाळी कपाटावरून काढली आहे, अजून लावलेली नाही.

मॅडम म्हणतात, दीड महिना सगळ्या बोटी हळू चालल्या म्हणून ती पिल्लाला घेऊन आत आली असेल, पण हे खात्रीने सांगता येणार नाही. याचा अर्थ तुमचं खोटं बोलणं बरोबर होतं असा काढू नका. काढलाच असेल, मला माहीत आहे. निदान चारचौघांत बोलू नका.

एक अट मात्र घातली आहे. यापुढे तुमच्या खाडीत एकट्याचा ठिपका चालणार नाही. दोन वेगवेगळ्या धक्क्यांच्या दोन माणसांनी, दोघांनी मिळून खात्री दिली तरच चौकोन पिवळा होईल. तुमचे दोघांचे फोन आजपासून सुरू केलेत.

मला तुमचा अभिमान वाटला. हे फोनवर सांगणार होते, पण तुम्ही मामीकडे फोन दिला असता.

भिंगरी

•

३ जून

प्रिय भिंगरी,

भरघोस आशीर्वाद. तुझ्या साहेबांना सांग, गुंडाळी फार दिवस ठेवली की कागद परत सरळ होत नाही.

तुझी अट कळली. घालणाऱ्याने फार विचार करून घातलेली दिसते. आता रोज सकाळी मला व्याह्यांना फोन करावा लागतो, किंवा त्यांना मला. पहिल्या दिवशी ते म्हणाले, आपण दोन बोटींचं तेल कशाला जाळायचं. तेव्हापासून आम्ही एकाच बोटीतून जातो, एक दिवस त्यांच्या, एक दिवस माझ्या. सुकाणू कुणाकडे यावरून वाद होतो. वादात "आपण" आता राहिलेलं नाही. ताई म्हणते, दोघांची भाषा बिघडली आहे, पण ती पुन्हा बोलायला लागली आहे.

आज सकाळी त्यांची बोट होती. मध्ये गेलो, दोन्ही इंजिनं बंद केली आणि बसलो. काल एक ओंडका दिसला होता. मी गाय म्हणालो, ते ओंडका म्हणाले, बराच वेळ भांडलो आणि तो ओंडका निघाला, म्हणून आज मी आधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात खरंच गाय ठेवली होतीत का. मी म्हणालो, बोट घसरलं. ते इतके हसले की बोट हलायला लागली. हसता हसता मध्येच थांबले आणि त्यांनी माझा दंड धरला.

दोघं आली होती. अगदी जवळ, वल्हं पोचेल एवढ्या अंतरावर. पिल्लू मोठं झालंय. आता ते हनुवटी टेकत नाही, स्वतःचा श्वास स्वतः घेतं. खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. दोघं गेल्यावर आम्ही परत धक्क्याला आलो. बोट बांधल्यावर लक्षात आलं, दोघांपैकी कुणीही फोन खिशातून काढलेला नाही.

आता धक्क्यावरून दाबला तर फोन कुठे होता ते तुला दिसेल, आणि पुन्हा तेच. म्हणून ही नोंद या कागदावर घे. खाडीच्या मध्ये, उथळ पाण्यात, गवतावर. एक आई, पाठीवर रेघा असलेली. एक पिल्लू. दोन धक्क्यांची दोन माणसं हजर. चौकोन पिवळा कर.

मामा

वरील मजकूर खरा आहे. मात्र ती आधी मला दिसली.
— व्याही